एक चेहरा, दोन बिलं

२०१९ च्या गणेशोत्सवात आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत उभी होते. मंडळातल्या एका भगिनीने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "अगं, बरं नाही का तुला? चेहरा किती काळवंडलाय!" मी म्हटलं, "बागेत फार वेळ उन्हात होते." मंडळी, हे साफ खोटं होतं. माझ्या बागेत कढीपत्त्याची एक कुंडी आहे आणि तीही घरात असते.

या पानावर मी आत्तापर्यंत टॅक्स आणि निवृत्तीच्या पैशांविषयी लिहीत आले. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, म्हणून संपादकांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. या वेळी स्वतःचा हिशेब देते. माझ्या एकाच चेहऱ्याची दोन बिलं माझ्या फायलीत आहेत. एक चोरून केलेल्या खर्चाचं आणि एक उजळ माथ्याने केलेल्या खर्चाचं. पहिलं दुसऱ्याच्या चौपटीहून मोठं आहे आणि त्यातून मला मिळाले ते डाग.

पहिल्या बिलाची गोष्ट अशी. २०१९ च्या जूनअखेर मुलीचं लग्न ठरलं होतं. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. गालावर लहानपणच्या मुरुमांचे खड्डे, ओठांभोवती रेघा, आणि डोळ्यांखाली आमच्या घराण्यात आजीपासून चालत आलेली काळी वर्तुळं. गावातल्या मॉलमध्ये एक 'मेडिकल स्पा' उघडला होता. दारावर दोन चेहऱ्यांचा फोटो, आधीचा आणि नंतरचा, दोन्ही गोऱ्यापान बाईचे. आत गेले. एका गोड बोलणाऱ्या मुलीने फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझरच्या तीन बैठकांचं पॅकेज दाखवलं, पाच हजार चारशे डॉलर, बारा महिने बिनव्याजी. घरी कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही. एप्रिलअखेर ते आठवडाभर कामासाठी टेक्ससला गेले तेव्हा पहिली बैठक उरकली. परत आले तोवर खपल्या पडून गेल्या होत्या, चेहरा तांबूस होता. "कुठे पडलीस का?" एवढंच त्यांनी विचारलं.

आता हा लेझर काय करतो ते सांगते, कारण मी ते पैसे भरल्यानंतर वाचलं. (बायकोने आणलेल्या भाजीचासुद्धा भाव विचारणारी माणसं आपण, पण डॉक्टरी कोट दिसला की गप्प बसतो.) हा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याची लांबी दहा हजार सहाशे नॅनोमीटर, म्हणजे पार इन्फ्रारेडमध्ये, आणि तो पाण्यात शोषला जातो. त्वचेत पाणीच जास्त, म्हणून वरचा थर क्षणात वाफ होऊन जातो. खालच्या थराला शेक बसतो आणि तिथे नवं कोलॅजेन तयार होऊ लागतं. १९९० च्या दशकात अख्ख्या चेहऱ्याचा वरचा थर असा काढत. माणूस कित्येक आठवडे लालबुंद राही आणि काहींची त्वचा कायमची फिकी पडे. २००४ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी फ्रॅक्शनल पद्धत मांडली. सलग थर काढायचा नाही, सुईच्या टोकाएवढी बारीक छिद्रं पाडायची आणि मधली त्वचा शाबूत ठेवायची. मग तीच शेजारची त्वचा जखम भरून काढते. पुढे कार्बन डायऑक्साइड लेझरलाही हीच पद्धत लावली गेली. युक्ती खरोखर हुशारीची आहे, आणि मुरुमांच्या खड्ड्यांना तिचा गुण येतो हेही खरं.

आणखी एक गंमत. हा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली ज्यांनी शोधला ते कुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. शोध लावला तो आपल्याच न्यू जर्सीत, मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये. म्हणजे माझ्या गालावर जे यंत्र फिरलं त्याचं मूळ माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आणि माझ्या माहेरापासून दोन तासांवर होतं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण शोध लावणारा आपला म्हणून यंत्र चालवणाऱ्याला आपली कातडी कळते असं नाही.

आपली कातडी कशी वागते हे मला खरं तर कुणी सांगायची गरज नव्हती. फोडणीचा थेंब हातावर उडाला की फोड दोन दिवसांत बसतो आणि काळा डाग पुढच्या दिवाळीपर्यंत राहतो. मुरुम जातो, खूण राहते. डास चावला तरी तेच. त्वचेला भाजलं, सुजलं की आपल्या रंगपेशी घाबरून जास्त रंग ओततात. लेझर रंग पाहत नाही, पाणी पाहतो, पण त्याने दिलेला शेक रंगपेशींना कळतोच. माझ्या डाव्या मनगटावर असे तीन डाग होते. ते रोज पाहत असूनही मी चेहऱ्यावर हजारो बारीक चटके विकत घेतले!

हार्वर्डच्या टॉमस फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरांनी १९७५ साली त्वचेचे प्रकार पाडले. उन्हात किती भाजते आणि किती रापते यावरून. पहिले चार प्रकार गोऱ्या कातडीचेच होते, सावळ्या आणि काळ्या कातडीसाठी पाचवा आणि सहावा नंतर जोडला. आपण बहुतेक मराठी माणसं चौथ्या-पाचव्यात बसतो. (आपल्या लग्नाच्या जाहिरातींत गोरी, निमगोरी, गव्हाळ अशी मोजपट्टी आधीपासून होतीच, फक्त तिचा उपयोग कुणाच्या औषधाला झाला नाही.) या आकड्यावरून लेझरची ताकद आणि छिद्रांची दाटी ठरवायची असते, आपल्यासाठी दोन्ही कमी. कानाजवळ किंवा जबड्याखाली आधी छोटासा तुकडा करून चार-सहा आठवडे वाट पाहायची असते. पूर्वी ओठावर तापाचे फोड येत असतील तर आधी गोळ्या द्याव्या लागतात. मला यातलं काहीच विचारलं नाही, आणि यंत्र हाती घेणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती हेही मला नंतर कळलं. नंतर सनस्क्रीन लावा एवढं सांगितलं. लग्नाच्या खरेदीसाठी मी मे महिनाभर एडिसनच्या ओक ट्री रोडवर फेऱ्या मारत होते. गाडीच्या बाजूच्या काचेतूनही ऊन लागतं हे कुणाच्या डोक्यात येतं?

लग्नाच्या तीन आठवडे आधी दोन्ही गाल जाळीजाळीने काळे पडले. लग्नाच्या अल्बममध्ये मी बहुतेक फोटोंत कडेला आहे, कुणाच्या तरी खांद्यामागे. कन्यादानाचा एकच जवळचा फोटो आहे आणि त्यात मी मान खाली घातली आहे. पाहुण्यांना वाटलं, आईला भरून आलंय.

पुण्याहून लग्नाला आलेल्या वहिनीने परिस्थिती ओळखली आणि पिशवीतून एक ट्यूब काढली. "तिकडे सगळ्या लावतात, आठवड्यात उजळतं." खरंच उजळलं. त्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांच्या जोडीला जोरदार स्टिरॉइड होतं. महिन्याभराने ती बंद केली तर चेहरा लाल, पुळ्यांनी भरलेला, आणि डाग पूर्वीपेक्षा गडद. असली मलमं तिकडे वर्षानुवर्षं गोळ्या-बिस्किटांसारखी विकली जात होती. २०१८ साली भारत सरकारने स्टिरॉइडच्या मलमांना प्रिस्क्रिप्शन सक्तीचं केलं ते याच त्रासामुळे. आपल्या बॅगांतून ती अजूनही इकडे येतात. कृपा करून आणू नका, आणि कुणी आणली तर लावू नका. वहिनीला बोल लावत नाही, तिने मायेनेच दिली.

अखेर त्या गणेशोत्सवानंतर, प्रसादाच्या रांगेतलं ते खोटं मनाला लागलं म्हणून, मी फोन केला. आमच्याच मंडळात एक त्वचारोगतज्ज्ञ मुलगी आहे. दर कोजागरीला तिच्या शेजारी बसून मी मसाला दूध पिते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, आधी एक फोन करायचा होतात ना." तिने काय केलं? चमत्कार काही नाही. ट्यूब बंद. तिच्या देखरेखीखाली, ठरावीक महिने आणि मध्ये विश्रांती देऊन, हायड्रोक्विनोन. (अमेरिकेत ते २०२० पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही, आणि ते बरंच झालं. वर्षानुवर्षं मनाने लावत राहिलं तर त्यानेच त्वचा निळसर काळी पडू शकते.) रात्री ट्रेटिनॉइन. आणि रोज सकाळी, पाऊस असो वा बर्फ, आयर्न ऑक्साइडचा रंग असलेलं सनस्क्रीन, कारण आपल्या कातडीला अतिनील किरणांखेरीज नुसता दिसणारा प्रकाशही काळवंडवतो आणि पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. डाग फिके व्हायला आठ महिने लागले. उजव्या गालावर एक अजून आहे.

लेझर वाईटच असं मी म्हणत नाही. तिच्याकडेच आमच्या ओळखीच्या एका तरुणाने मुरुमांच्या खड्ड्यांसाठी लेझर घेतला. कमी ताकदीवर, आधी चाचणी करून, हिवाळ्यात, महिन्या-महिन्याच्या अंतराने. त्याला उत्तम गुण आला. पण माझ्या डोळ्यांखालच्या वर्तुळांबद्दल तिने सरळ सांगितलं की आपल्या लोकांत ती पुष्कळदा जन्मजात असतात, कधी खोलगट हाडामुळे पडलेली सावली असते, कधी ॲलर्जीने डोळे चोळून चोळून येतात. लेझर मारायच्या आधी त्यातलं कोणतं कारण आहे ते तरी पाहायला हवं.

आता मी चोरून का केलं, ते. आपल्या मंडळात केस रंगवणारे पुरुष मोजायला बसले तर न रंगवणारे मोजणं सोपं पडेल. गुडघे बदलतात, दात बसवतात, त्याचे किस्से जेवणाच्या टेबलावर ऐकवतात. पण बाईने चेहऱ्याला काही केलं की "या वयात हे नखरे कशाला" हे ठरलेलं. मी स्वतः दुसऱ्यांबद्दल असं बोलले आहे, त्यामुळे माझ्याबद्दल काय बोललं जाईल याची मला अचूक कल्पना होती. म्हणून ज्या बाईला विचारायला हवं होतं तिला टाळून मी मॉलमध्ये गेले. नखरे करावेत की नाहीत हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आपल्या टोमण्यांनी नखरे थांबत नाहीत, फक्त चांगल्या डॉक्टरला विचारणं थांबतं. आपली माणसं फसतात ती तिथे, असं माझं मत आहे.

आणि दुसरी गोष्ट कबूल करायला जास्त जड जाते. मला सुरकुत्या घालवायच्या होत्या हे अर्धंच खरं. व्याही गोरे आहेत, म्हणजे आपल्या कोकणस्थी अर्थाने गोरे, आणि त्यांच्या शेजारी फोटोत मला जरा उजळ दिसायचं होतं. मुलीला हे सगळं लग्नानंतर सहा महिन्यांनी सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, माझाही रंग हाच आहे ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहा टाकायला उठले.

दुसरं बिल पापण्यांचं, २०२२ सालचं. संध्याकाळपर्यंत कपाळ दुखायचं, पुस्तक धरलं की हनुवटी वर करावी लागे, आणि रात्री टर्नपाइकवर वरचे फलक उशिरा दिसू लागले. मला वाटलं नंबर वाढला. नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं, वरच्या पापणीची कातडी सैल होऊन बुबुळावर उतरली आहे आणि ती वर धरून ठेवायला दिवसभर भुवया उचलून माझं कपाळ थकतं आहे. पापणी खाली येण्याची सगळीच कारणं ही नसतात. कधी कातडी सैल नसते, पापणी उचलणारा स्नायूच ढिला पडलेला असतो, त्याची शस्त्रक्रिया वेगळी. आणि एकाच डोळ्याची पापणी अचानक पडली, एकाचं दोन दिसू लागलं, किंवा दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या तर ते सौंदर्याचं प्रकरण नव्हे, त्याच क्षणी इमर्जन्सी गाठायची.

या वेळी मी शहाणी झाले होते. आमच्या त्या त्वचातज्ज्ञ मुलीलाच विचारलं. तिने पापण्यांच्याच शस्त्रक्रिया करणाऱ्या, म्हणजे मुळात नेत्रतज्ज्ञ असलेल्या सर्जनकडे पाठवलं. तिथे दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली. एकदा पापण्या जशा आहेत तशा, एकदा चिकटपट्टीने वर उचलून. दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा वरचा किती भाग मला दिसतच नव्हता ते पाहून मीच घाबरले. मी रोज नातवाला मागे बसवून गाडी चालवत होते.

विमा कंपनीने पहिला अर्ज फेटाळला, कारण फोटोत भुवया उचललेल्या होत्या. (कॅमेरा समोर आला की आपण नकळत डोळे मोठे करतो.) नवे फोटो काढून, दोन्ही कागद जोडून पुन्हा पाठवलं आणि मंजुरी आली. नियम साधारण सगळीकडे असाच. दृष्टी अडते असं तपासणीत आणि फोटोत दिसलं तर विमा आणि मेडिकेअर खर्च उचलतात, नुसतं तरुण दिसण्यासाठी उचलत नाहीत. हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात करायची असेल तर मेडिकेअरने जुलै २०२० पासून आधी मंजुरी घेणं सक्तीचं केलं आहे.

शस्त्रक्रियेचं फार काही सांगण्यासारखं नाही. जागा बधिर केली, थोडी गुंगी दिली, तासाभरात घरी. वर्षानुवर्षं घेत असलेल्या फिश ऑइलच्या आणि हळदीच्या कॅप्सूल त्यांनी आधी बंद करायला लावल्या, रक्त जास्त वाहू नये म्हणून. (वरणातली हळद चालते, मी विचारलं.) आठवडाभर बर्फाचा शेक, डोळ्यांभोवती जांभळं, सहाव्या दिवशी टाके काढले. व्रण पापणीच्या घडीत लपतो. काही महिने डोळे कोरडे वाटायचे, थेंब घालावे लागले. एक गोष्ट मात्र त्यांनी तीनदा बजावली. घरी गेल्यावर जोराचं दुखलं, डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा दिसायचं कमी झालं तर सकाळची वाट पाहू नका. डोळ्यामागे रक्त साचणं अतिशय दुर्मीळ, पण तासांच्या उशिराने दृष्टी जाऊ शकते. लगे हात खालच्या पापण्यांचंही करा असं मी म्हटलं तर त्यांनी नकार दिला. खालची फुगवटी चरबीची असते, ती कमी करता येते, पण काळा रंग सुरीने जात नाही, आणि खालची पापणी जास्त ताणली गेली तर ती बाहेर उलटते आणि डोळ्यातून सतत पाणी वाहत राहतं. नाही म्हणणारा डॉक्टर भेटला की मला हल्ली फार बरं वाटतं.

आता हिशेब. पहिल्या बिलाचे पाच हजार चारशे. उरलेल्या दोन बैठकांचे पैसे परत मिळाले नाहीत, दुकानात 'जमा' आहेत म्हणे. डाग घालवायला आणखी सहाशे चाळीस. एकूण सहा हजार चाळीस डॉलर. दुसऱ्या बिलात माझा वाटा तेराशे पन्नास. पहिलं बिल टॅक्समध्ये दाखवता येत नाही. केवळ रूप सुधारण्यासाठी केलेला खर्च आयआरएस १९९१ पासून वैद्यकीय धरत नाही, अपघात, आजार किंवा जन्मजात व्यंग असेल तरच धरते. एफएसए किंवा एचएसएचे पैसेही त्याला वापरता येत नाहीत. त्या गोड मुलीने "तुमचं एफएसएचं कार्ड चालेल" म्हटलं होतं. मशीनमध्ये कार्ड चालतं हो, पण पावती मागितली की पैसे परत भरावे लागतात. मौज अशी की चांगलं सनस्क्रीन मात्र एफएसएमध्ये बसतं! आणि ते 'बारा महिने बिनव्याजी' प्रकरण नीट वाचा. अशा बहुतेक कार्डांवर शेवटच्या दिवशी थोडीशी जरी बाकी राहिली तरी व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. मी अकराव्या महिन्यात फेडलं. तेवढा एकच शहाणपणा त्या व्यवहारात माझ्या नावावर आहे.

"मग पुण्यातच का नाही करत, स्वस्त पडतं," असं मला दोघींनी विचारलं. तिथले त्वचातज्ज्ञ रोज आपलीच कातडी पाहतात, त्या बाबतीत ते मॉलमधल्या दुकानाच्या शंभर पावलं पुढे आहेत. पण आपण जातो डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी. चार लग्नं, दोन मुंजी आणि कोकणातलं ऊन. लेझर केलेला चेहरा घेऊन हे होत नाही, आणि टाक्यांचं काही बिनसलं तर तोवर आपण विमानात असतो. दोन महिने राहणार असाल तर जरूर करा.

संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा माझ्याकडे आहे. ती डॉक्टर मुलगीही येणार आहे. दृष्टिक्षेत्राचे दोन कागद, दोन्ही बिलं आणि माझे काळवंडलेल्या गालांचे फोटो मी एका फोल्डरमध्ये घालून तिळगुळाच्या डब्याशेजारी ठेवणार आहे. ज्यांना मोठ्याने विचारायचं नसेल त्यांनी स्वयंपाकघरात या, मी तिथेच असेन.